काहीतरी घडवत स्वतः शिकण्यासाठी संगणक कसा वापरावा

संगणकाच्या मदतीने काही शिकायचे ठरले की बहुतेक जण आधी अभ्यासक्रम शोधतात आणि चार-दोन व्हिडिओंनंतर कंटाळतात. त्याऐवजी सुरुवात स्वतःला खरोखर हव्या असलेल्या एखाद्या लहानशा गोष्टीपासून करावी. ‘मला प्रोग्रॅमिंग शिकायचे आहे’ हे उद्दिष्ट फार मोघम आहे. ‘उडी मारून अडथळा चुकवणारा बेडूक करायचा आहे’ असे ठरवले, तर उडी म्हणजे नेमके काय आणि बेडूक अडथळ्याला लागला हे संगणकाला कसे कळणार, हे प्रश्न लगेच समोर येतात आणि अभ्यासाचा क्रमही त्यांतूनच ठरतो.

साधन निवडण्यात फार दिवस घालवू नयेत. एमआयटीच्या मीडिया लॅबमध्ये तयार झालेले आणि २००७ साली सर्वांसाठी खुले झालेले स्क्रॅच हे साधन मोफत आहे, त्यात ब्लॉक म्हणजे आज्ञांचे रंगीत ठोकळे एकमेकांना जोडून प्रोग्रॅम तयार करता येतो, ते इंटरनेटशिवायही चालते आणि मोठ्यांनाही पुरेसे आहे. त्यामागची कल्पना जुनी आहे: गणितज्ञ सिमोर पेपर्ट आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९६७ मध्ये मुलांसाठी लोगो ही भाषा तयार केली आणि पुढे तिच्या आज्ञांवर चालणारे, चालता चालता रेघ ओढणारे कासव प्रसिद्ध झाले. तोच प्रयोग स्क्रॅचमध्ये करून पाहावा.

खाली डाव्या कोपऱ्यातील बटणातून पेनचे ब्लॉक जोडून घ्यावेत. हिरव्या झेंड्याच्या ब्लॉकखाली अनुक्रमे पडद्याच्या मध्यावर जाणे, ९० या दिशेला तोंड करणे, सर्व पुसणे आणि पेन टेकवणे असे ब्लॉक लावावेत. पुसण्याचा ब्लॉक मध्यावर जाण्याच्या आधी लावला, तर दुसऱ्या वेळेपासून मध्याकडे येतानाची नको असलेली रेघही चित्रात राहू शकते. त्यानंतर चार वेळा पुनरावृत्ती करणाऱ्या ब्लॉकच्या आत १०० पावले चालणे आणि ९० अंश वळणे हे दोन ब्लॉक बसवावेत. झेंडा दाबताच चौरस उमटतो.

आता त्रिकोण काढावा. समभुज त्रिकोणाचा प्रत्येक कोन ६० अंशांचा असतो, म्हणून तीन वेळा ६० अंश वळवले, तर त्रिकोण न मिळता अर्धा षटकोन मिळतो. माझ्या मते संपूर्ण प्रयोगातील सर्वांत मोलाची जागा हीच आहे, आणि येथे उत्तर शोधायला धावू नये. उठावे, जमिनीवर त्रिकोण कल्पून त्याच्या कडेने चालावे आणि कोपऱ्यावर आपले शरीर किती वळते ते पाहावे. वळण आतल्या कोनाचे नसून बाहेरच्या कोनाचे, म्हणजे १२० अंशांचे असते, आणि पूर्ण फेरीत एकूण ३६० अंश होतात, हे पायांना आधी कळते. मग पंचकोनासाठी ७२ अंश हे कोणी सांगावे लागत नाही. पाच वेळा १४४ अंश वळवल्यास चांदणी का उमटते, हा पुढचा प्रश्न स्वतःच सोडवावा. वळणांची बेरीज ७२० येते, एवढा धागा पुरे.

एआयशी संवाद साधण्याची सोय हाताशी असेल, तर ती अडल्यावरच वापरावी आणि प्रश्नही तसाच विचारावा: ‘मी ६० अंश दिले, त्रिकोण मिटला नाही, उत्तर सांगू नका, मी काय तपासावे ते सांगा.’ तयार कोड मागितला तर चित्र मिळेल, पण कोनाचे कोडे हातून जाईल. शिवाय ही साधने चुकीचे उत्तरही तितक्याच आत्मविश्वासाने देतात, त्यामुळे प्रत्येक सूचना चालवून पाहिल्याशिवाय खरी मानू नये. व्हिडिओच्या बाबतीतही हेच धोरण ठेवावे: एक पायरी पाहावी, व्हिडिओ थांबवावा आणि ती न बघता करावी.

स्क्रॅचमध्ये इतरांनी खुले केलेले प्रकल्प आतून उघडता येतात. तेथे एका वेळी एकच आकडा बदलावा आणि चालवण्यापूर्वी काय होईल याचा अंदाज वहीत लिहावा. (वही कागदाची असली तर बरे, पडद्यावरच्या नोंदी पुन्हा उघडण्याचे सहसा राहूनच जाते.) अंदाज चुकला तर बदललेला आकडा, अपेक्षा आणि प्रत्यक्ष परिणाम शेजारी शेजारी लिहावेत.

ब्लॉक अपुरे वाटू लागले की पायथन या टंकून लिहायच्या प्रोग्रॅमिंग भाषेकडे वळावे. पायथनबरोबर सहसा टर्टल (म्हणजे कासव) नावाचे मॉड्यूल, म्हणजे चित्रे काढण्याच्या तयार आज्ञांचा संचही मिळतो, आणि हाच चौरस, हाच त्रिकोण व हीच चांदणी तेथे मोजक्या ओळी टंकून काढता येते.