नाकातल्या फवाऱ्याची कडू चव कशी गेली

ऋतू बदलला की मला शिंकांचा त्रास होतो, म्हणून डॉक्टरांनी अ‍ॅझेलास्टीनचा नाकात मारायचा स्प्रे लिहून दिला. पहिल्या आठवड्यात औषधाचा गुण कमी आणि घशातली कडू चवच अधिक जाणवली, कारण मी डोके मागे टाकून, फवारा मारताच जोराने श्वास ओढत असे आणि औषध नाकात न टिकता सरळ घशात उतरत असे. आता मी आधी नाक शिंकरून मोकळे करतो, मान किंचित पुढे झुकवतो, नळीचे टोक मधल्या पडद्याकडे न रोखता बाहेरच्या बाजूला वळवतो आणि फवारा मारताना हलकेच श्वास घेतो. चव जवळजवळ गेली. बाटली काही दिवस वापरली नसेल, तर बारीक तुषार येईपर्यंत पंप हवेत दाबून घ्यावा लागतो. मात्र बाटलीचे तोंड डोळ्यांपासून दूर असावे.

या औषधाने झोप येऊ शकते, हे मी आधी हसण्यावारी नेले होते. दुपारी पेंग आल्यावर डॉक्टरांना विचारले. त्यांनी गुंगी येते का हे कळेपर्यंत वाहन चालवू नका, मद्य टाळा आणि ठरलेल्या मात्रेपेक्षा एकही फवारा जास्त घेऊ नका, असे बजावले.