यशस्वी उद्योजकांकडून नेमकं काय घ्यावं?

मोठ्या उद्योजकाची गोष्ट वाचताना आपली नजर जाते ती त्याच्या आजच्या पसाऱ्यावर. छोट्या व्यावसायिकाला त्याचा फारसा उपयोग नाही. ती पत, ती माणसं, तो जाहिरातीचा खर्च आपल्याकडे नसतो. म्हणून कुणाचंही चरित्र हातात घेतलं, की तो आपल्याएवढा होता तेव्हाची पानं आधी वाचा. तो पहाटे किती वाजता उठतो, हे खुशाल सोडून द्या. तितक्याच पहाटे उठून दिवाळं निघालेल्यांची चरित्रं कुणी लिहीत नाही.

१. माल भरण्याआधी मागणी तपासा

१९९९ मध्ये निक स्विनमर्न यांना इंटरनेटवर बूट विकायचे होते. पायात घालून न बघता बूट कोण घेणार, ही शंका रास्तच होती. त्यांनी गोदाम भरलं नाही. दुकानांत जाऊन बुटांचे फोटो काढले, वेबसाइटवर टाकले आणि ऑर्डर आली की दुकानातून पूर्ण किमतीला जोड विकत घेऊन पाठवला. यात सुटत काहीच नव्हतं, पण लोक घेतात हे कळलं. त्यातूनच झॅपोस ही ऑनलाइन बूट विकणारी कंपनी उभी राहिली.

तुम्हीही नवा माल आणण्याआधी नमुना किंवा फोटो दाखवून ऑर्डर घ्या. ‘छान आहे’ म्हणणारे मोजू नका. थोडा का होईना, ॲडव्हान्स देणारेच मोजा.

२. यादी छाटा

१९४८ मध्ये मॅकडोनाल्ड बंधूंनी आपलं चालतं हॉटेल काही महिने बंद ठेवलं आणि पंचविसेक पदार्थांची यादी नऊवर आणली. सुरुवातीला गिऱ्हाईक घटलं, मग वाढलं. गेल्या वर्षभराची बिलं काढून कोणत्या वस्तूवर किती सुटलं ते लिहा. तळाच्या वस्तू पुन्हा मागवू नका. एवढंच.

३. पैसा किती दिवस अडकतो ते मोजा

हे सगळ्यात कंटाळवाणं काम, आणि माझ्या मते सगळ्यात महत्त्वाचं. नफ्यात असलेला धंदाही हातात रोख नाही म्हणून बंद पडतो.

मायकल डेल यांनी १९८४ मध्ये कॉलेजच्या खोलीतून संगणक विकायला सुरुवात केली. पुढे त्यांच्या डेल कंपनीने जी पद्धत बसवली तिच्यात ऑर्डर आल्यावर संगणक जोडला जाई. गिऱ्हाइकाचे पैसे आधी येत, सुट्या भागांचे नंतर द्यावे लागत. म्हणजे धंदा वाढवायला लागणारं खेळतं भांडवल बरंचसं गिऱ्हाईक आणि पुरवठादारच पुरवत.

तुमचा हिशोब असा करा: माल सरासरी किती दिवस पडून राहतो, त्यात उधारी वसूल व्हायला लागणारे दिवस मिळवा, आणि पुरवठादार जितके दिवस थांबतो ते वजा करा. माल ४० दिवस, उधारी ३० दिवस, पुरवठादाराची मुदत १५ दिवस, तर तुमचा पैसा ५५ दिवस अडकलेला आहे. मग एकेक आकडा हलवून बघा. माल थोडा थोडा मागवा, मोठ्या ऑर्डरवर निम्मी रक्कम आधी घ्या, बिल काम संपेल त्याच दिवशी पाठवा. पुरवठादाराला मात्र बुडवू नका. मुदत आधी बोलून वाढवून घ्यावी.

४. करार शेवटच्या ओळीपर्यंत वाचा

वॉलमार्टचे सॅम वॉल्टन यांनी १९४५ मध्ये अमेरिकेतल्या न्यूपोर्ट गावात पहिलं दुकान घेतलं आणि उत्तम चालवलं. पण भाडेकरार पाच वर्षांचा, आणि मुदत वाढवून घेण्याचा हक्क त्यात नव्हता. मुदत संपल्यावर जागेच्या मालकाला ते दुकान आपल्या मुलासाठी हवं होतं. वॉल्टन यांना गाव सोडून बेंटनव्हिलमध्ये पुन्हा सुरुवात करावी लागली. या वेळी नव्या दुकानाशेजारच्या गाळ्याचा करार केला तो ९९ वर्षांचा!

तुमच्या करारात तीन गोष्टी शोधा: मुदतवाढीचा हक्क कुणाचा आहे, भाडं किती आणि कधी वाढणार, आणि जागा सोडताना तुम्ही केलेल्या कामाचं काय होणार. यातलं काही नसेल तर धंदा चांगला चाललाय हे मालकाच्या लक्षात येण्याआधी लेखी करून घ्या.