मिनी ट्रॅक्टरला लोडर बसवताय? बकेटची ऑर्डर द्यायच्या आधी एवढं बघून ठेवा

खरड छाटणीच्या (द्राक्षाच्या उन्हाळ्यातल्या छाटणीच्या) आधी शेणखत टाकायचं म्हटलं की मजूर मिळत नाहीत, म्हणून आता बरेच द्राक्ष-डाळिंबवाले 24 ते 28 एचपीच्या मिनी ट्रॅक्टरला पुढून लोडर, म्हणजे बकेटने माल उचलणारे लोखंडी हात (आर्म), बसवून घेतात, आणि वर्कशॉपवाल्याने "बकेट केवढी करू?" विचारलं की पटकन उत्तर जातं "बसेल तेवढी मोठी कर". असं करू नका. मोठी बकेट बनवायला त्याला जड नाही, ती भरून उचलताना ट्रॅक्टरचं काय होतं ते आपल्याला बघायचंय.

तर आधी घरीच बसून लिहून काढा की लोडरने नेमकं काय काय उचलणार. शेणखत, गांडूळ खत, माती, मुरूम, वाळू, खडी, जे असेल ते सगळं, आणि त्यातलं सगळ्यात जड कुठलं त्यावर खूण करा. कारण कुजलेलं बऱ्यापैकी सुकं शेणखत लिटरला अर्धा-पाऊण किलो भरतं आणि ओली काळी माती किंवा ओली वाळू पावणेदोन-दोन किलोपर्यंत जाते, म्हणजे तीच बकेट, तितकीच भरलेली, पण वजन तिप्पट. अंदाजावर जायचं नसेल तर रंगाची 20 लिटरची रिकामी बादली घ्या, तुमच्याच शेतातला माल काठोकाठ भरा, काट्यावर ठेवा, बादलीचं वजन वजा करून 20 ने भागा, झालं. माती पावसाळ्यात मोजा किंवा निदान ओली करून मोजा, मे महिन्यातली माती फसवते.

आता बकेट. चार फूट रुंदीची साधी बकेट समजा 5 घनफुटांची आहे, म्हणजे साधारण 140 लिटर. शेणखत भरलं तर 70 ते 105 किलो, काहीच नाही. ओली माती भरली तर अडीचशेच्या पुढे. आणि हे काठाबरोबर भरल्यावर, वर ढीग आला की अजून वाढलं, म्हणून बनवणाऱ्याला विचारा की तू सांगतोयस तो आकडा काठाबरोबरचा की ढिगासकट. बकेटचं स्वतःचं लोखंड पण 60-70 किलो सहज होतं, जाड पत्रा आणि दात लावले की जास्तच, ते उचलायच्या वजनात धरलंय की नाही हेही विचारून घ्या.

सगळ्यात मोठा घोळ इथे होतो बघा. ट्रॅक्टरच्या माहितीपत्रकात हायड्रॉलिकची क्षमता 750 किलो लिहिलेली असते, ती मागच्या लिफ्टची. पुढच्या लोडरचा तिच्याशी काही संबंध नाही. लोडर किती उचलेल ते त्याच्या जॅकवर (आर्म उचलणाऱ्या हायड्रॉलिक सिलिंडरवर), आर्मच्या लांबीवर आणि तुमच्या पुढच्या एक्सलवर ठरतं, आणि तो आकडा सुद्धा बहुतेक वेळा पिनेजवळचा, म्हणजे बकेट आर्मला जिथे जोडते तिथला, सांगतात. माल असतो पिनेच्या पुढे फूट-दीड फुटावर, तिथे क्षमता कमी होते, आणि आर्म पूर्ण वर गेल्यावर अजून कमी. म्हणून विचारायचं ते असं: "बकेटच्या मध्यावर, पूर्ण उंचीवर, किती किलो?" यावर उत्तर देता येत नसेल तर दुसरं वर्कशॉप बघा, माझं स्पष्ट मत आहे. मिळालेल्या किलोत बकेटचं लोखंड धरलेलं असेल तर ते वजा करा, उरलेल्याला तुमच्या सगळ्यात जड मालाच्या लिटरमागच्या वजनाने भागा, जेवढे लिटर येतील तेवढीच बकेट, ढिगासकट. शेणखताचंच काम जास्त असेल तर हलक्या पत्र्याची 7 घनफुटांची वेगळी बकेट करून घ्या आणि तिला मातीत घालायचंच नाही.

लहान बकेटने खेपा वाढतील ही भीती असते. एक ब्रास म्हणजे 100 घनफूट, 5 च्या बकेटने 20 खेपा, 7 च्या बकेटने 14-15. एवढाच फरक. पाच-सहा खेपांसाठी पुढच्या एक्सलची वाट लावायची का ते तुम्हीच ठरवा.

रुंदी मात्र मालावर नाही, चाकांवर ठरते. टेप घ्या, बाहेरून बाहेर पुढची आणि मागची चाकं मोजा, जे रुंद असेल त्याहून बकेट दोन-तीन इंच जास्त हवी, नाहीतर ढिगात शिरताना चाक मालावर चढतं. पण बागेत दोन ओळींमधलं अंतर, मांडवाचे अँगल, ड्रिपच्या लॅटरल आणि वळायची जागा पण मोजा, 9 फुटी ओळ कागदावर ऐसपैस वाटते, छाटणीच्या आधी वाढलेल्या काड्यांमध्ये वाटत नाही. तसंच ट्रॉलीच्या पत्र्याची वरची कड जमिनीपासून किती ते लिहून न्या, बकेट पालथी केल्यावर तिचं टोक खाली येतं, त्या टोकाची उंची ट्रॉलीपेक्षा जास्त पाहिजे.

मागे वजन लागणारच, ते विसरायचं नाही. पुढे भार आला की मागची चाकं हलकी होतात, ब्रेक आणि पकड दोन्ही जातं. रोटाव्हेटर जोडून ठेवला तरी चालतं, नाहीतर 200 लिटरचा ड्रम अर्धा काँक्रीटने भरला तर 240 किलोच्या आसपास होतो. मागच्या टायरमध्ये पाणी भरायचं तर तेही आधी करा. टू व्हील ड्राइव्ह असेल तर हलक्या खताच्या पुढे जाऊ नका.

बांधणीत एकच गोष्ट बघा, लोडरची फ्रेम नुसती पुढे इंजिनाजवळ बोल्ट मारून सोडलीय का मागच्या एक्सलपर्यंत नेलीय. या ट्रॅक्टरना वेगळी चेसिस (खालची लोखंडी चौकट) नसते, सगळा ताण हाउसिंगवर, म्हणजे इंजिन-गिअरच्या बाहेरच्या कवचावर येतो आणि ओतीव हाउसिंगला तडा गेला की खर्च लोडरच्या किमतीला जाऊन भिडतो. वॉरंटीचं डीलरकडून लेखी घ्या. आणि शेवटचे पैसे द्यायच्या आधी ओली माती काठोकाठ भरून, मागे वजन लावून, ट्रॉलीच्या उंचीपर्यंत उचलून दाखव म्हणा, सपाट जागेवर, आणि तेव्हा मागच्या चाकांकडे बघत उभे राहा, पण लांबून.