गल्ला सोडण्याआधी एक दिवस सोडून बघा
वडिलांचा धंदा तुमच्या हाती घ्यायचा असेल, तर त्यांना ‘आता आराम करा’ म्हणू नका. ४० वर्षं धंदा केलेल्या माणसाला ते ‘बाजूला व्हा’ असंच ऐकू येतं. त्यापेक्षा आठवड्यातला एक वार ठरवा. त्या दिवशी त्यांनी ऑफिसला यायचं नाही, आणि तुम्हीही फोन करून ‘हा चेक देऊ का?’ विचारायचं नाही. (हे दुसरंच जास्त अवघड जातं.) त्या रिकाम्या दिवसात ते कशात रमतात, ते बघा. नव्या पोरांना शिकवण्यात, की राहून गेलेल्या पेटीवादनात? जमलं की दिवस वाढवा. सह्यांचे अधिकार लेखी बदला. कर्जाला त्यांची वैयक्तिक हमी असेल, तर पद सोडल्याने ती आपोआप सुटत नाही. बँकेकडून त्या हमीतून मुक्ततेचं पत्र घ्या. आता धंदा तुम्ही बघणार, हे जुन्या गिऱ्हाइकांना मात्र वडिलांनाच सांगू द्या.