बातमीवरचा राग कोणाच्या खात्यात जमा होतो? माध्यम निवडताना या चुका टाळा

ज्याला पैसे देतो त्यालाच आपण आधार देतो, अशी बहुतेक वाचकांची समजूत असते. महिनाअखेरीस पेपरवाल्याचे बिल चुकते केले आणि एखाद्या साप्ताहिकाची वार्षिक वर्गणी भरली की माध्यमांशी असलेला व्यवहार संपला, बाकी सारे फुकट, असा तो हिशेब आहे. प्रत्यक्षात मोबाइलवर उघडलेला दुवा, संतापून लिहिलेली कॉमेंट आणि ‘बघा यांची पातळी’ म्हणून पुढे ढकललेली चित्रफीत हे सगळे कोणाच्या तरी जमेला जाते. म्हणून पुढे सांगितलेल्या चुकांपैकी बऱ्याचशा वर्गणी भरताना होत नाहीत, प्रतिक्रिया देताना होतात.

चीड आली म्हणून दुवा पाठवणे

दोनशे जणांच्या गटात एखाद्या भडक बातमीचा दुवा ‘लाज वाटली पाहिजे’ अशा शेऱ्यासह टाकला आणि चाळीस जणांनी तो उघडला, तर त्या संकेतस्थळाच्या खाती चाळीस भेटी आणि त्यांवरच्या जाहिराती जमा होतात. आपला शेरा नोंदवायला त्या खात्यात रकानाच नसतो. फेसबुकने २०१७ पासून काही काळ ‘संताप’ धरून सर्व भावमुद्रांना साध्या ‘लाइक’च्या पाचपट वजन दिले होते, हे २०२१ मध्ये बाहेर आलेल्या कंपनीच्या अंतर्गत कागदपत्रांवरून कळले. संतापाचे वजन शून्यावर आणायला २०२० उजाडावे लागले.

दूरचित्रवाणीच्या बाबतीत गोंधळ उलट दिशेचा आहे. ‘आम्ही ती वाहिनी बघणेच बंद केले, आता टीआरपी पडेल’ असे म्हणणाऱ्यांच्या घरी कोणती वाहिनी पाहिली जाते हे नोंदवणारा मीटरच बहुधा नसतो. २०२० मध्ये, मुंबई पोलिसांनी टीआरपी घोटाळ्याचा तपास हाती घेतला तेव्हा, ही मोजणी करणाऱ्या ‘बार्क’ या संस्थेचे मीटर देशभरात सुमारे ४४ हजार घरांतच होते. मात्र त्याच वाहिनीची चर्चा रात्री यूट्यूबवर केवळ नावे ठेवण्यासाठी पाहिली, तर ती नक्की मोजली जाते. बहिष्कार टाकायचाच असेल, तर तो टीव्हीपेक्षा फोनवर टाकल्याने अधिक परिणाम होतो. एखाद्या वृत्तावर टीका करायची असेल, तर दुवा न देता त्यात काय चुकले आहे ते दोन वाक्यांत लिहावे. पडद्याचे छायाचित्र पाठवायचे झाल्यास माध्यमाचे नाव आणि तारीख कापू नये.

तारीख नसलेले कात्रण

ही शेवटची सूचना अनुभवातून आली आहे. आमच्या सोसायटीच्या गटात मी स्वतः एकदा एसटीच्या गाड्या बंद होणार असल्याचे कात्रण मोठ्या काळजीने टाकले होते. दुसऱ्या मजल्यावरच्या एका निवृत्त वाहकांनी तासाभराने लिहिले, ‘साहेब, तारीख कुठंय? यात ज्या डेपो मॅनेजरांचं नाव आहे, त्यांना रिटायर होऊन चार वर्षं झाली.’ मी चित्र पुन्हा मोठे करून पाहिले, तेव्हा वृत्तपत्राचे नाव आणि तारीख असलेली वरची पट्टीच कापलेली आढळली. तोवर तिघांनी ते आपापल्या नातेवाइकांना पाठवले होते, त्यामुळे संदेश काढून टाकण्याचा फारसा उपयोग नव्हता. अशा वेळी मजकूर गुपचूप पुसण्यापेक्षा त्याच गटात, त्याच ठिकाणी ‘हे जुने आहे, पुढे पाठवले असल्यास कळवावे’ असे लिहिणे अधिक उपयोगी पडते.

माझी चूक हसण्यावारी गेली. प्रत्येक वेळी तसे होत नाही. १ जुलै २०१८ रोजी धुळे जिल्ह्यातील साक्री तालुक्याच्या राईनपाडा गावात, मुले पळवणारी टोळी आल्याच्या अफवेवरून, मंगळवेढा भागातून भिक्षा मागण्यासाठी आलेल्या नाथपंथी डवरी गोसावी समाजाच्या पाच जणांना जमावाने ठार मारले. त्या काळात अशा अफवांचे संदेश मोबाइलवरून सर्वत्र फिरत होते. त्याच महिन्यात व्हॉट्सॲपने भारतात एक संदेश एका वेळी पाच ठिकाणीच पाठवता येईल अशी मर्यादा आणली, आणि २०२० मध्ये वारंवार फिरलेल्या संदेशांसाठी ती एकावर आली. संदेशावर दुहेरी बाण दिसला, तर तो अनेक हातांतून आला आहे एवढेच समजावे. अनेकांनी तपासला आहे असे मुळीच समजू नये.

‘तीन ठिकाणी वाचले, म्हणजे खरे’

बातमीच्या आरंभी ‘वृत्तसंस्था’ किंवा ‘पीटीआय’ असे असेल, तर तीन वृत्तपत्रांत छापून आलेला तो मजकूर बहुधा एकाच ठिकाणाहून आलेला असतो. त्याला तीन साक्षीदार मानता येत नाही. याहून वाईट प्रकार २००९ च्या विधानसभा निवडणुकीत महाराष्ट्राने पाहिला. एकाच नेत्याची स्तुती करणारा शब्दशः सारखा मजकूर वेगवेगळ्या दैनिकांत छापून आल्याचे पत्रकार पी. साईनाथ यांनी त्यानंतर उघड केले आणि ‘पेड न्यूज’, म्हणजे पैसे घेऊन छापलेली बातमी, हा शब्द घरोघरी पोचला. तीन पेपर चाळण्यापेक्षा, घटनास्थळी गेलेल्या एका बातमीदाराचे नाव शोधणे कधीही बरे.

एका अग्रलेखासाठी अंक बंद करणे

अग्रलेख हे मत असते आणि तालुक्याच्या पानावरची पाणीपुरवठ्याची बातमी हे वृत्त असते. पहिले पटले नाही म्हणून दुसरे बंद केले, तर आपल्या नगरपालिकेच्या सभेला जाऊन बसणारा माणूसच आपण गमावतो. छोट्या गावांत त्या बातमीदाराला जाहिरातीही गोळा कराव्या लागतात. वर्गणीदार घटले की पुढाऱ्यांच्या वाढदिवसाच्या पुरवण्या वाढतात, हा अनुभव कोणत्याही तालुक्यात घ्यावा.

पाठिंबा देतो असे म्हणत विकत न घेतलेल्या अंकाची पीडीएफ फिरवणे ही याच चुकीची धाकटी बहीण. मार्च २०२० मध्ये टाळेबंदी लागली, घरोघरचे वितरण थांबले, तेव्हा अख्खे अंक गटांतून येऊ लागले. त्या वेळी ते समजण्यासारखे होते, पण सवय मात्र राहून गेली.

पैसे कोणाला द्यावेत, हे ठरवताना मी तीन गोष्टी पाहतो: चूक झाल्यास दुरुस्ती ठळकपणे छापतात का, माझ्या मताविरुद्धची माहितीही देतात का, आणि मालक कोण आहे. तिसरी गोष्ट शोधायला सोपी आहे. फेब्रुवारी संपल्यानंतरच्या पहिल्या अंकात मालकीविषयीचे निवेदन, ‘फॉर्म चार’, छापण्याची प्रथा आपल्याकडे अनेक वर्षांची आहे. एक टक्क्याहून अधिक भांडवल असलेल्यांची नावे त्यात असतात. आपण तो चौकोन रद्दीत घालतो. वाचकांच्या बळावर चालणे आपल्याकडे नवे नाही. १५ ऑगस्ट १९४८ रोजी साने गुरुजींनी सुरू केलेले ‘साधना’ आजही निघते, आणि २०१४ पासून चालू असलेला ‘पारी’ हा ग्रामीण वृत्तसंग्रह मराठीतही वाचायला मिळतो.

तक्रार चुकीच्या दारी नेणे

वाहिनीविरुद्ध प्रेस कौन्सिलकडे लिहिणे ही नेहमीची चूक आहे, कारण कौन्सिलची कक्षा वृत्तपत्रे, नियतकालिके आणि वृत्तसंस्था यांच्यापुरती आहे. तिला दंड करता येत नाही; ती समज देते किंवा ताशेरे ओढते. तिच्याकडे जाण्यापूर्वी संपादकांना पत्र लिहावे लागते आणि दैनिकाच्या बाबतीत मजकूर छापल्यापासून दोन महिन्यांच्या आत तक्रार करावी लागते. ‘एनबीडीएसए’ या वृत्तवाहिन्यांच्या स्वनियमन संस्थेच्या कक्षेतील वाहिनी असेल, तर पहिली तक्रार थेट वाहिनीकडे, प्रसारणापासून सात दिवसांत जायला हवी. म्हणून रागाच्या भरात पान फाडून कात्रण काढू नये; ज्या पट्टीवर वृत्तपत्राचे नाव आणि तारीख असते, त्या पट्टीसह पान जपून ठेवावे.