अमेरिकेत नव्याने आलात? आधी फोनवरचं इंग्रजी सांभाळा

तुमचं इंग्रजी चांगलं असतं, तरी फोनवर आडनाव सांगितलं की पलीकडचा माणूस 'पाटील'चं 'बाटील' लिहून घेतो. इंग्रजीत शब्दाच्या सुरुवातीला येणारे पी, टी, के हवेच्या झोतासकट उच्चारतात. आपला 'प' कोरडा, म्हणून त्यांच्या कानाला तो 'ब' वाटतो. आपल्याकडे ठ आणि ख आहेतच, ते कामाला लावा. 'टाइम' म्हणताना ठकडे झुका, 'कार्ड' म्हणताना खकडे. 'प'साठी दोन्ही ओठ घट्ट मिटून मग हवा सोडा. तोंडासमोर तळहात धरलात तर हवा लागली पाहिजे. स्पीक, स्कूल यांत मात्र एसनंतर हा झोत नको. माझ्या मते एवढी एकच गोष्ट जमली तरी निम्मा त्रास संपतो.

मग व. 'व्हेस्ट' म्हणताना वरचे दात खालच्या ओठाला टेकतात. 'वेस्ट'ला दात लावायचे नाहीत, ओठ गोल करायचे. आपण लिहिताना व आणि व्ह वेगळे लिहितो, पण बोलताना दोन्ही सारखेच म्हणून जातो.

आकड्यांत फार जपा, कारण तिथे पैसे आणि तारखा असतात. इथे 'थर्टी' जवळजवळ 'थर्डी' ऐकू येतं आणि जोर सुरुवातीला असतो; 'थर्टीन'मध्ये 'टीन' ठसठशीत येतं. भाडं ठरवताना 'वन थ्री' की 'थ्री झिरो' असं सुटं विचारून घ्या, कुणाला त्याचं वावगं वाटत नाही. 'कॅन्ट'मधला ट तर इथे गिळलाच जातो, म्हणून नकार द्यायचा असेल तेव्हा सरळ 'कॅनॉट' म्हणा.

स्केज्युल, व्हायटमिन, झेडऐवजी झी हे आठवडाभरात कानावर पडून आपोआप जमतं. गावांची, राज्यांची नावं मात्र स्पेलिंगवरून वाचू नका. टेक्सासमधलं ते ह्यूस्टन, पण न्यूयॉर्कमधला त्याच स्पेलिंगचा रस्ता हाउस्टन. कॅन्झसला शेवटी एस उच्चारतात, आर्कन्सॉला नाही.

आणि कृपा करून स्वतःचं किंवा मुलांचं नाव बदलू नका. अथर्वचा 'सॅम' करण्याआधी शाळेतल्या बाईंना पहिल्याच दिवशी नाव दोनदा सावकाश म्हणून दाखवा, सोबत उच्चार रोमन लिपीत लिहून द्या. बहुतेक शिक्षक स्वतःहूनच विचारतात, आणि मनापासून शिकतात.