फ्यूजर बांधायच्या आधीची यादी

फ्यूजर म्हणजे हवा काढलेल्या भांड्यात तारेच्या जाळीला हाय व्होल्टेज देऊन अणुकेंद्रकं एकमेकांवर आदळवणारं यंत्र. ते बांधून घरच्या घरी अणुसंमीलन करायचंय म्हणतोस, तर पहिली गोष्ट बाजारात मिळत नाही: घरच्यांचा होकार, आणि मेन स्विच कुठे आहे हे माहीत असलेला, शेजारी उभा राहणारा दुसरा माणूस. तो नसेल त्या दिवशी वीज जोडायची नाही.

आता वहीत लिहून ठेव: यातून वीज मिळत नाही. इलेक्ट्रॉनिक टीव्ही बनवणाऱ्या फायलो फार्न्सवर्थचं १९६०च्या दशकातलं हे यंत्र. हौशी माणसाने सेकंदाला लाखभर न्यूट्रॉन काढले तरी ती ऊर्जा साधारण एका वॅटचा कोटीवा भाग. प्लगमधून आत जातात शेकडो वॅट. आईला वीजबिलाचं काही सांगू नकोस.

ड्यूटेरियम, म्हणजे संमीलनाचं इंधन असलेला जड हायड्रोजन, सध्या विसर. तो वायू आणि पंचवीस-तीस हजार व्होल्ट आले की क्ष-किरण आणि न्यूट्रॉन आलेच, मग अणुऊर्जा नियामक मंडळाची परवानगी हवी. ते काम कॉलेजमार्फत, मार्गदर्शकाच्या देखरेखीखालीच. पहिला टप्पा साध्या हवेचा, दहा हजार व्होल्टच्या आत. संमीलन होत नाही, पण जाळी तीच, चमक तीच.

पैसे घाल ते व्हॅक्यूममध्ये. एसी मेकॅनिक वापरतात तो टू-स्टेज पंप सेकंडहँड शोध, आणल्याबरोबर तेल बदल, आणि भांड्यात उरलेल्या हवेचा दाब मोजणारा त्यांचाच मायक्रॉन गेज घे; आकडा जितका कमी, तितकी हवा कमी. साधारण ५० मायक्रॉनपर्यंत पोचायचंय. भांडं जाड स्टीलचं, फ्लँजवालं, म्हणजे बोल्टने आवळायची कडा असलेलं. कुकर नको: त्याचं झाकण आतल्या दाबाने घट्ट बसतं, इथे दाब बाहेरून येतो. २० सेंटिमीटर व्यासाच्या झाकणावर हवेचा भार ३०० किलोच्या वर जातो, म्हणून लोणच्याची बरणी तर मुळीच नको. बघायची काच जाड, तिच्यापुढे ॲक्रिलिकचा पत्रा.

गळती शोधायला आठवडे धर. आमचा गेज ८०० वर अडून बसला होता. दोन रविवार गेले आणि ओ-रिंगवर, म्हणजे सांध्यातल्या रबरी कड्यावर, एक केस सापडला. कापसाचा बोळा आयसोप्रोपिल अल्कोहोलमध्ये बुडवून एकेका सांध्यावर फिरव, गेजचा आकडा उडाला की गळती तिथेच. त्या वेळी हाय व्होल्टेज बंद, नाहीतर आग लागेल.

जाळी स्टीलच्या तारेच्या तीन कड्यांची, लिंबाएवढी. ॲसिटोनने पुसल्यावर हातमोज्यांशिवाय हात लावू नकोस, बोटांचं तेल व्हॅक्यूममध्ये वायू सोडत राहतं. वीज आत न्यायला गाडीचा स्पार्क प्लग चालतो.

ट्रान्सफॉर्मर निऑन साइनचा, जुना लोखंडी गाभ्याचा. मायक्रोवेव्हमधला काढू नकोस, तो एका झटक्यात जीव घेतो. निऑनचाही घेऊ शकतो. विजेला एकाच दिशेने जाऊ देणारा हाय व्होल्टेज डायोड पुण्यात पासोड्या विठोबाला किंवा मुंबईत लॅमिंग्टन रोडला विचार. ऋण टोक जाळीला, भांडं अर्थला, आणि ते अर्थिंग इलेक्ट्रिशियनकडून तपासून घेतलेलं. लांब पीव्हीसी पाइपच्या टोकाला तांब्याचा आकडा, त्याची तार अर्थला: प्लग काढला तरी आधी ही काठी जाळीच्या जोडाला टेकवायची, मगच हात. दुसरा हात खिशात.

मोबाइल स्टँडवर लावून ठेव, पडदे ओढ. आधी सगळं भांडं गुलाबी-जांभळं होईल. पंप चालत राहिला की तो उजेड आक्रसत जाळीच्या आत जमेल आणि कड्यांच्या फटींतून किरणं बाहेर येतील. त्या क्षणाचा गेजचा आकडा लिहून घे.